‘५३१’चं स्टिकर आणि रंगाखालची पुट्टी

कमी पैशात जुनी रेसिंग सायकल उभी करायची तर आधी चांगली फ्रेम मिळवायची आणि मग एकेक पार्ट जमवायचा. मार्ग बरोबरच आहे. पण फसवणारे नेमके फ्रेमपाशीच बसलेले असतात, कारण चाक, ब्रेक, चेन सगळं बदलता येतं, खोटी फ्रेम मात्र सगळी जमवाजमव पाण्यात घालते.

जुळे सोलापुरातल्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. मोबाइलवर फोटो आले: ‘इंग्लंडची फ्रेम, रेनॉल्ड्स ५३१, चाकं टाका आणि चालवा.’ रेनॉल्ड्स ५३१ म्हणजे रेसिंग सायकलींसाठी नावाजलेला पातळ, हलका पोलादी पाइप. किंमत साडेसहा हजार. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून दोन हजार आधीच यूपीआयवर घेतले. उरलेले दिवेलागणीला, रस्त्याच्या कडेला, फ्रेम हातात देताना. फ्रेम खोलल्यावर जे निघालं ते इथे सविस्तर देत आहोत.

सर्वांत आधी स्टिकर. ‘५३१’ची पट्टी कुठल्याही स्टिकरवाल्याकडे छापून मिळते, तिच्यावर जाऊ नका. खरं काय ते सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या, फ्रेममध्ये घुसणाऱ्या नळीचा व्यास सांगतो. अशा फ्रेमच्या सीटच्या पाइपचा बाहेरचा व्यास साधारण २८.६ मिमी असतो. ५३१चा पाइप पातळ, म्हणून आत २६.८ ते २७.२ मिमीचा सीटपोस्ट बसतो. या फ्रेममध्ये २५.४चा होता. म्हणजे पाइपची जाडी १.६ मिमी, साधं जड लोखंड. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्याकडे व्यास मोजायचा व्हर्निअर असतोच, पाच मिनिटं मागून घ्या. शिवाय विकणाऱ्याला सीटपोस्ट तुमच्यासमोर दोन सेंटीमीटर वर घ्यायला सांगा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट लोखंडी पाइपमध्ये वर्षानुवर्षं राहिला की गंजून धरतो, आणि तो काढताना फ्रेमच जाते.

खरा घात मात्र रंगाखाली होता. समोरून धडक बसलेल्या फ्रेमचा, हँडलकडून पेडलकडे उतरणारा तिरका पाइप हँडलच्या पाइपापासून दोन-चार सेंटीमीटर मागे, खालच्या अंगाला सुरकुततो. पुढचं चाक धरणारा चिमटाही मागे वाकतो. इथे ती सुरकुती आणि तिच्यातली चीर पुट्टीनं भरून वर जाड रंग मारला होता. हे ओळखायला दहा-वीस रुपयांचं लोहचुंबक पुरतं. पाइपभर फिरवा. जाड रंगावर त्याची ओढ सगळीकडे सारखीच थोडी कमी लागते. एकाच ठिकाणी एकदम सैल पडली की तिथे पुट्टी आहे. मग मोबाइलचा टॉर्च पाइपाला लावून तिरपा धरा आणि बोट फिरवा. लाट डोळ्यांच्या आधी बोटाला कळते. हे सगळं दिवसा करा. संध्याकाळी भेटायचा आग्रह धरणारा माणूस हीच तपासणी चुकवत असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो त्या जागेचा, उजवा कप (आट्यांनी बसणारी बेअरिंगची वाटी) एमसीलनं चिकटवलेला होता. इंग्लिश आट्यांमध्ये उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. माहीत नसलेला मेकॅनिक तो नेहमीसारखा सोडवायला जातो, आणखी जोर लावतो आणि आटे जातात. कप पान्ह्यानं एक फेरा तरी फिरतो का, एवढं पाहा.

मागची बाजू हातानं ओढून रुंद केलेली होती. पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांतलं अंतर १२० मिमी असतं, सहा-सातच्या फ्रेममध्ये १२६, आठच्या पुढे १३०. जाणकार १२०चं १२६ नीट करतो. नुसतं ओढलं तर एकच बाजू वाकते. तपासायला दोरा घ्या: एका खाचेतून निघून हँडलच्या पाइपाला वळसा आणि परत दुसऱ्या खाचेत, ताणून. आता दोरा आणि सीटचा पाइप यांच्यातली फट दोन्हीकडे मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती फ्रेम सोडून द्या.

यानंतर त्याच माणसानं ‘मॅचिंग’ म्हणून चाकं विकली. २७ इंची रिम, वर २८ इंची टायर, ‘सगळं एकच असतं’ म्हणून. एकच नसतं. टायर जिथे बसतो तो रिमचा व्यास २७ × १¼ला ६३० मिमी, रेसिंग सायकलींच्या ७०० सी मापाला ६२२, आणि आपल्याकडे दुकानादुकानात मिळणाऱ्या २८ × १½ला ६३५ असतो. पाच मिलिमीटर सैल टायर हवा भरेपर्यंत बरा दिसतो. दाब वाढला, त्यात सोलापूरचा एप्रिल-मेचा उन्हाळा, की कडा रिमवरून सुटून ट्यूब फुटते. पुढचं चाक असेल तर माणूस तोंडावर पडतो. टायरच्या बाजूला छापलेला तीन आकडी व्यास वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

फ्रेमचा नंबर घासलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे फोटो जपून ठेवा. कारण विकणारा सगळ्यात आधी जाहिरातच काढून टाकतो. आणि पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

अशा फ्रेमची चीर साध्या वेल्डिंगनं जोडू नका, सांध्याशेजारीच पुन्हा तुटते. ती भंगारात द्या. हब, ब्रेक, हँडल ठेवा, पण स्पोक कापायच्या आधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या हबवरचा गिअरचक्रांचा गठ्ठा, काढा. ते सोडवायला अख्ख्या चाकाची पकड लागते. एकदा नुसता हब हातात राहिला की ते सहसा निघत नाही.