जाड ऑइल, पातळ ऑइल आणि पहाटेची खडखड : हर्णै-दापोलीतील वापरानंतरचा अनुभव

दिवाळीपूर्वीच्या सर्व्हिसिंगनंतर माझी गाडी पहाटे सुरू होताना चार-पाच सेकंद खडखडू लागली. गाडी १.२ लिटरची पेट्रोल, टायमिंग चेनची (व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून इंजिनात फिरणारी साखळी) आणि हायड्रॉलिक टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलच्या दाबाने स्वतःची फट भरून काढणारे भाग) आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना क्षणभर कटकट होणे मला नवीन नव्हते. नवीन होते ते त्या आवाजाचे लांबणे. सेल्फ मारताच इंजिन पकडत असे, आणि लगेच चेनच्या कव्हरमागून लोखंडी साखळी पत्र्यावरून ओढल्यासारखा आवाज येऊन तो हळूहळू विरत असे. दिवसभरात पुन्हा सुरू केल्यावर मात्र काहीही ऐकू येत नसे.

बिल काढून पाहिले तर त्यावर फक्त ‘इंजिन ऑइल, ३.५ लिटर’ एवढेच लिहिलेले होते. गाडीच्या पुस्तिकेत ऑइलच्या ग्रेडसाठी, म्हणजे त्याच्या दाटपणाच्या वर्गासाठी, ५डब्ल्यू-३० हा पहिला पर्याय आहे आणि ०डब्ल्यू-२० चालेल असे म्हटले आहे. गॅरेजमध्ये जाऊन ग्रेड विचारली, तेव्हा सुपरवायझरने सहजपणे सांगितले, “ड्रमचं ऑइल आहे सर, २०डब्ल्यू-४०. सगळ्या पेट्रोल गाड्यांना तेच जातं. आपल्याकडे थंडी असते कुठे? कोकणात जाड ऑइलच बरं.” ऑइल साधे मिनरल होते आणि दर मात्र सिंथेटिकचा लावलेला होता, याचा मला सर्वांत जास्त राग आला. बराच वेळ वाद घातल्यावर, मी स्वतः कॅन आणल्यास मजुरी न घेता ऑइल बदलून देण्याची त्यांनी तयारी दाखवली. दरातला फरक काही परत मिळाला नाही. ग्राहकाच्या इंजिनात काय ओतले हे बिलावर न लिहिणे मला आजही अक्षम्य वाटते.

पैशांचा वाद बाजूला ठेवला, तरी ‘आपल्याकडे थंडी कुठे’ हा मुद्दा तपासून पाहण्यासारखा होता, कारण तो वरवर पाहता बिनतोड आहे. एसएई जे३०० या ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा शून्याखालच्या तापमानातील चाचणीवरून ठरतो. इंजिन फिरवताना ऑइलचा अडथळा किती होतो, हे ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना मोजतात. हर्णैच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण १८-२० अंशांखाली फारसा जात नाही. त्या हिशेबाने पाहिले तर येथे ५ काय आणि २० काय, सारखेच असायला हवे.

पण ऑइलच्या दृष्टीने २० अंश हे थंडच असते. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशांच्या व्हिस्कॉसिटीवरून, म्हणजे दाटपणावरून येतो : ३० ग्रेडसाठी ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचे एकक) दरम्यान, तर ४० ग्रेडसाठी १२.५ ते १६.३ च्या दरम्यान असावी लागते. तापलेल्या इंजिनात या दोन्हींतला फरक एवढासाच असतो. आता कंपन्यांच्या माहितीपत्रकातील ४० अंशांचा आकडा पाहावा. सिंथेटिक ५डब्ल्यू-३० साठी तो बहुधा ६० ते ७० च्या घरात असतो, आणि मिनरल २०डब्ल्यू-४० साठी ११० ते १३० च्या. हेच गणित २० अंशांपर्यंत खाली नेले की पहिले ऑइल दीडशेच्या थोडे पुढे जाते आणि दुसरे साडेतीनशे ओलांडते, म्हणजे दुपटीहून जास्त जाड. बर्फ पडत नसलेल्या मुलखातही पहाटेच्या इंजिनाला हा फरक सोसावा लागतो. म्हणून कोकणातल्या माणसाने डब्ल्यूपेक्षा माहितीपत्रकातील ४० अंशांचा आकडा आणि त्याखालचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तो जितका जास्त, तितका तापमानानुसार दाटपणा कमी बदलतो) पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे. हे माहितीपत्रक बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

आवाज नेमका येतो कसा, हेही थोडक्यात सांगतो. इंजिन बंद झाल्यावर वरच्या भागातले ऑइल हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरते. चेनला ताण देणारा टेन्शनर आणि टॅपेटमधील हायड्रॉलिक अॅडजस्टर ऑइलच्या दाबावर काम करतात. दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि टॅपेट वाजतात. ऑइल जाड असेल तर पंप ते ओढायला आणि अरुंद वाटांतून वर पोचवायला वेळ घेतो. त्यातच जाड ऑइलमुळे पंपाशी दाब मर्यादेबाहेर गेला, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून काही ऑइल वर न जाता परत चेंबरकडे वळते. म्हणजे पंपापाशी दाब भरपूर आणि टेन्शनरपाशी ऑइलच नाही, अशी स्थिती काही क्षण राहू शकते. फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्हही अशा वेळी उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे जाते. ही बाब मला आवाजापेक्षाही जास्त खटकते.

सुरुवातीचा प्रत्येक आवाज ऑइलचा नसतो, हे येथे सांगायला हवे. थंड इंजिन सुरू होताच ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आरपीएम मुद्दाम वाढवून ठेवतो आणि ठिणगी उशिरा देतो, जेणेकरून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा. त्या मिनिटभराच्या घरघरीत दोष नाही. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा ठकठक आवाज इंजिन तापत जाईल तसा मिनिटांच्या हिशेबाने कमी होतो. दाबाशी संबंधित आवाज मात्र काही सेकंदांत थांबतो. माझ्या गाडीचा आवाज स्पष्टपणे या शेवटच्या जातीचा होता, कारण तो तापमानाची वाट पाहत नव्हता.

मी ५डब्ल्यू-३० चा सीलबंद कॅन विकत आणला आणि समोर उभे राहून ऑइल बदलून घेतले. दुसऱ्या पहाटेपासूनच फरक जाणवला : चार-पाच सेकंदांची खडखड दोन सेकंदांवर आली. बॉनेटवर मोबाइल ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणातही ते उघड ऐकू येत होते. एवढ्यावर मी हा अनुभव लिहून टाकणार होतो आणि सारे श्रेय ग्रेडला देणार होतो. परंतु उरलेले दोन सेकंद मला स्वस्थ बसू देईनात, कारण या गाडीने पूर्वी एवढाही आवाज कधी केला नव्हता.

तेव्हा लक्ष फिल्टरकडे गेले. ऑइल बदलताना गॅरेजने फिल्टर तोच ठेवला होता, कारण तो ‘नवाच’ होता. माझ्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. अशा जागी इंजिन बंद असताना फिल्टरमधले ऑइल परत उतरू नये म्हणून आत रबराची एक चकती असते. तिला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात. एका सकाळी गाडी सुरू न करताच ओळखीच्या मेकॅनिककडून तो फिल्टर उघडून घेतला. रात्रभर उभ्या गाडीचा चांगला फिल्टर काढताना हातावर ऑइल सांडते, म्हणून मेकॅनिकने खाली ट्रे धरला होता. त्यात जेमतेम काही थेंब पडले. फिल्टर उपडा करून छिद्रांतून पाहिले, तर आतली काळी चकती कडक होऊन एका कडेने उचललेली दिसत होती. बोटाने दाबली तर ती परत जागेवर बसतच नव्हती. डबा मूळ कंपनीसारखाच रंगवलेला होता, पण त्यावर भागाचा क्रमांकही धड छापलेला नव्हता.

मूळ कंपनीचा, नारिंगी सिलिकॉनची चकती असलेला फिल्टर दोनशे रुपयांच्या आत मिळाला. काळ्या नायट्राइल रबराचे चांगले फिल्टरही असतात, पण सिलिकॉन उष्णतेने लवकर कडक होत नाही. तो बसवल्यावर पहाटेचा आवाज एका सेकंदाच्याही आत आला आणि संपूर्ण हिवाळा तसाच राहिला. त्यामुळे माझे मत बदलून असे झाले आहे : आवाज किती वेळ चालेल हे ग्रेड ठरवते, परंतु रात्रीतून ऑइल खाली उतरू द्यायचे की नाही हे फिल्टर ठरवतो, आणि हलक्या दर्जाचा फिल्टर व जाड ऑइल एकत्र आले की दोन्हींचा त्रास एकमेकांत मिसळून जातो. खडखड ऐकून कोणी एकदम टेन्शनर आणि चेन बदलायला सांगितले, तर आधी हे दोन स्वस्त उपाय करून पाहावेत.

मग ०डब्ल्यू-२० आणखी चांगले का नाही, हा प्रश्न उरतो. त्यासाठी ऑइल पुन्हा बदलण्याचा खर्च मला मान्य नव्हता. सुदैवाने दापोलीत माझ्या मेहुण्यांकडे हीच गाडी आहे, तिच्यात ०डब्ल्यू-२० आहे आणि फिल्टरही मूळ कंपनीचा आहे. दापोली समुद्रापासून फार लांब नसली तरी उंचावर असल्यामुळे तेथील थंडी हर्णैपेक्षा वेगळीच असते. काही पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. जानेवारीत मुक्कामाला असताना दोन्ही गाड्या रात्रभर अंगणात उभ्या होत्या आणि सकाळी एकापाठोपाठ एक सुरू केल्या. त्यांची गाडी किंचित लवकर शांत झाली, पण मेहुणे म्हणाले, “भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, एरवी लक्षातही आलं नसतं.” मलाही तसेच वाटले. २० अंशांना ०डब्ल्यू-२० शंभराच्या आसपास असते. ५डब्ल्यू-३० पासून तिथपर्यंतचा फरक आहे खरा, पण २०डब्ल्यू-४० पासूनच्या फरकापुढे तो लहान आहे.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. तापलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-४० चा आवाज मऊ होता, विशेषतः भर उन्हात कुंभार्ली घाट चढून कराडकडे जाताना. १५० अंशांना जोराच्या घर्षणाखाली किमान किती दाटपणा टिकला पाहिजे, याची मर्यादा २० ग्रेडला २.६ आणि ३० ग्रेडला २.९ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचेच दुसरे एकक) आहे; आंब्याच्या पेट्यांनी भरलेली गाडी घाटात नेणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा वाटू शकतो. मी ५डब्ल्यू-३० वरच थांबलो, त्याचे हे एक कारण आहे. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार ऑइलचा तक्ता असे आणि उष्ण हवेसाठी २०डब्ल्यू-५० सुद्धा दाखवलेले असे, त्यामुळे जाड ऑइलची सवय आपल्या मेकॅनिकांना अकारण लागलेली नाही. झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनाला ते आजही मानवते. पण व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा असलेल्या नव्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक असतात, आणि तेथे ही सवय चालवू नये.

शिवाय आपल्या किनाऱ्यावरचा वापर कसा आहे, हेही पाहावे. माझी गाडी हर्णै बंदर, मुरूड, आंजर्ले अशा छोट्या फेऱ्यांत फिरते. इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर मध्यावर येतो, पण ऑइल त्याच्या बरेच मागून तापते, आणि अनेकदा ते पुरते तापण्याआधीच गाडी घरी परतते. म्हणजे माझ्या इंजिनाचे बहुतेक आयुष्य घाटात नव्हे, तर अर्धवट थंड ऑइलवर जाते. पावसाळ्यात अशा फेऱ्यांमुळे ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती आतली दमट वाफ असते, आणि लांब फेरी झाली की बहुधा निघून जाते. याच कारणासाठी मी किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता वर्ष झाले की ऑइल बदलतो.

पुढच्या बदलासाठी ५डब्ल्यू-३० चा कॅन आणि नारिंगी चकतीचा फिल्टर आणून ठेवला आहे. कॅनवर एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा छापलेला असल्याची खात्री करून घेतली. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी समाविष्ट आहे, आणि माझ्या इंजिनाला नेमकी तीच हवी आहे. गॅरेज बदललेले नाही, कारण जवळ दुसरे नाही. मात्र यापुढे ग्रेड, दर्जा आणि फिल्टरचा क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देणार नाही, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि सुपरवायझरने ते माझ्या जॉबकार्डवर लिहून घेतले आहे.