गरम पाण्याचं जुनं कुंड: म्युझियम करायचं की न्हाणं चालू ठेवायचं?

वज्रेश्वरीपासून खाली आरवली, तुरळ, राजवाडी ते पार राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत आपल्या कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि ज्या गावात असं जुनं बांधीव कुंड आहे तिथल्या मंडळींना कधी ना कधी ठरवावं लागणारच, की कुंपण घालून म्युझियम करायचं का लोकांना आंघोळ करू द्यायची. जगात दोन्ही करून झालंय, म्हणून जरा समोरासमोर ठेवून बघूया.

एक म्हंजे इंग्लंडमधलं बाथ. रोमन लोकांचं स्नानगृह, पाणी अजून 46 अंशांच्या आसपास येतं पण त्यात उतरायला बंदी, कारण 1978 साली त्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमिबाच्या संसर्गाने मेंदूज्वर होऊन गेली. तेव्हापासून ते फक्त बघायचं. म्युझियम म्हणून मात्र जबरदस्त आहे! शिशाच्या पत्र्यांवर कोरलेली गाऱ्हाणी आहेत तिथे, मी आंघोळीला आलो नि माझे कपडे चोरले, देवी तू त्या चोराला बघून घे, अगदी आपण ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतो तसंच. आणि न्हायचं असेल तर 2006 पासून जवळच वेगळं स्पा आहे, त्याच झऱ्यांचं पाणी पण शुद्ध करून. म्हंजे दोन इमारतींचा खर्च, तो आपल्या ग्रामपंचायतीला झेपणार नाही.

दुसरं जपानमधलं दोगो ओन्सेन, म्हंजे गरम झऱ्याचं न्हाणीघर, 1894 ची तीन मजली लाकडी इमारत. 2019 ते 2024 दुरुस्ती चालली पण एक भाग न्हायला उघडा ठेवून टप्प्याटप्प्याने काम केलं, आणि राजघराण्यासाठी 1899 साली बांधलेली न्हाणी तेवढी फक्त बघायला ठेवलीय. मला हे जास्त पटतं. रोजची माणसं येत असली की कुठे चिरा सुटला, कुठे शेवाळ धरलं हे लगेच कळतं, बंद जागेत पावसाळा चार महिने काय करतो ते आपल्याला माहीतच आहे.

इराणात कर्मानला गंजअली खान हमाममध्ये, म्हंजे जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात, मेणाचे पुतळे बसवलेत, न्हाव्यापासून सगळे. छान दिसतं, पण वाफ नाही.

दुरुस्ती कुठलीही करा, जांभ्याला सिमेंट लावू नका, ओल आत कोंडते आणि दगड झिजतो, चुनाच वापरा. आणि त्या पांढऱ्या टाईल्स तर नकोच, आमच्याकडच्या एका कुंडाला लावल्या तेव्हा मला खरंच रडू आलं होतं.

पाणी तपासून घेणं दोन्हीकडे लागणारच. तो अमिबा नाकातून शिरतो, म्हणून डुबकी नको, तांब्याने अंगावर घ्यायचं असा नियम करा.

म्युझियमसाठी बाजूची एक खोली पुरे. घंगाळ, तांब्याचा बंब, वजरी, शिकेकाई, दिवाळीच्या पहाटे फोडायचं कारीट, आणि सर्वात आधी बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, पोटाला कसं शेकायचं, धुरीत काय टाकायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही आणि आमच्या वाडीत आता तशा दोघीच उरल्यात.

आणि बायका-पुरुषांची वेगळी दोन कुंडं असली नि त्यातलं एक बघण्यापुरतं ठेवायचं ठरलं तर बायकांचं ठेवू नका. पुरुष कुठेही नदीवर जाऊ शकतात, बायकांना चार भिंतींच्या आडचं गरम पाणी तेवढंच आहे.