गॅस मीटरला रीड स्विच: आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये आमच्या मुलुंडच्या घरी पाइप गॅसच्या मीटरला रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा छोटा स्विच) लावून तो होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडला. गॅस किती जळतो हे मोजायची हौस होतीच, पण खरं कारण आई. वय 74, दुपारी घरी एकटी, आणि मंद आचेवर ठेवलेलं दूध दोनदा विसरलेली. गळती ओळखणारा सेन्सर घरात आहे, पण जळत राहिलेली शेगडी म्हणजे गळती नव्हे. तो गप्पच राहणार.

आधी कॅमेऱ्याचा ईएसपी32 (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) बोर्ड मीटरसमोर बसवून आकडे वाचायचा प्रयत्न केला. ओट्याखाली अंधार, फ्लॅश लावला की काचेवर चकाकी, आणि 3 चा 8 व्हायचा. तीन आठवड्यांत काढून टाकला.

मग मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं: एका पल्सला (मोजणीच्या एका ठोक्याला) 0.01 घनमीटर. शेवटच्या लाल चाकात छोटा चुंबक असतो. 10 लिटर गॅस गेला की चाकाचा एक फेरा होतो आणि बाहेर त्या जागी धरलेला रीड स्विच एकदा मिटतो. सगळ्याच मीटरमध्ये हा चुंबक नसतो, म्हणून खरेदीआधी तबकडी नीट वाचा. मीटर गॅस कंपनीचा आहे, त्यामुळे सीलला हात लावलेला नाही. स्विच बाहेरून दुहेरी टेपने चिकटवलाय. तिथपर्यंत फक्त दोन बारीक वायरी जातात. स्विच वाचणारा बोर्ड आणि अडॅप्टर मुद्दाम मीटरपासून दूर, फ्रीजच्या मागे ठेवलेत.

पहिल्या महिन्यात आकडे फुगलेले यायचे. चाक नेमकं स्विचच्या काठावर थांबलं की एका फेऱ्याचे चार-पाच पल्स मोजले जायचे. ईएसपीहोममध्ये (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) असे खोटे पल्स गाळणाऱ्या फिल्टरचा वेळ वाढवला आणि ते थांबलं. वीज गेली की मधले पल्स हुकतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मीटर वाचून बेरीज दुरुस्त करते. मागच्या दोन महिन्यांच्या बिलावर 27 एससीएम (प्रमाणित घनमीटर) होते, आमच्याकडे 26.8.

होम असिस्टंटच्या एनर्जी पानावर गॅसची सोय 2021 पासून आहे. सेन्सरचा प्रकार गॅस, एकक घनमीटर आणि मोजणी 'टोटल इन्क्रीझिंग' (सतत वाढत जाणारी बेरीज) ठेवली की आलेख आपोआप दिसतो. आमचा रोजचा वापर 0.45 घनमीटरच्या आसपास. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या दिवशी 1.3 झाला आणि फराळाच्या आठवड्यात रोजच एकच्या वर. हे आलेख बघायला छान वाटतं, पण दोन महिन्यांनी मी ते उघडणं बंद केलं. मला हवं होतं ते एकच: आत्ता गॅस जळतोय का?

इथे हिशेब कामी आला. मोठा बर्नर पूर्ण आचेवर असला की दर दोन-तीन मिनिटांनी पल्स येतो. मंद आचेवर तेच अंतर बारा मिनिटांपर्यंत जातं. म्हणून पंधरा मिनिटांत एकही पल्स आला नाही तरच 'बंद' धरायचं, आणि सलग 45 मिनिटं 'चालू' दिसलं की फोनवर सूचना. सुरुवातीला मी पाच मिनिटं धरली होती. तेव्हा मंद आच यंत्रणेला बंदच वाटायची, म्हणजे जिथे गरज तिथेच ती चुकत होती.

नोव्हेंबरात लोकल घाटकोपरला उभी असताना सूचना आली. लगेच घरी फोन लावला, "आई, गॅस बघ गं जरा." डाळीचं पाणी आटून तळ काळा झाला होता. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

गॅस बंद करण्याची जबाबदारी मात्र मी यावर सोपवलेली नाही. कुठला बर्नर चालू आहे हे कळत नाही, वायफाय गेलं तर सूचनाही गेली. रात्री कॉक हातानेच बंद होतो. गळतीचा सेन्सर छताजवळ आहे, कारण पाइपमधला मिथेन हवेपेक्षा हलका असतो. सिलिंडर वापरत असाल तर सेन्सर जमिनीलगत लावायला हवा, एलपीजी खाली साचतो.

आईला फोनवरच्या सूचनेचा उपयोग नव्हता, सूचनेचा बारीकसा आवाज तिला ऐकू येत नाही. तिनेच सुचवलं, "गॅलरीच्या दाराशी दिवा लाव." आता 30 मिनिटं झाली की तिथला बल्ब नारिंगी होतो आणि बहुतेक वेळा माझ्या फोनपर्यंत काही पोचायच्या आतच ती शेगडी बंद करून आलेली असते.