घोडा हौद्यात की मागच्या ट्रेलरात?

मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या गप्पा सुरू होतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "आबा, पिकअपला मागं हुक लावून घोड्याचा ट्रेलर जोडू का? व्हिडिओत लय भारी दिसतं." दिसतं खरं. मी उलट दोनच गोष्टी विचारतो. घोडे किती, आणि वाटेत घाट आहे का?

एकच घोडी असेल, दत्तजयंतीची जत्रा आणि लग्नसराईतल्या वराती एवढाच प्रवास असेल, तर ट्रेलरच्या नादी लागू नका. पिकअपचा मागचा हौदाच नीट तयार करा. आमची घोडी एकदा हौद्यात घसरली. दोंडाईच्याच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि मागून धाडकन आवाज. जाऊन बघतो तर ती पुढच्या गुडघ्यांवर बसलेली, डावा गुडघा सोललेला, कान मागं चिकटलेले. खाली पत्र्यावर नुसता भुसा होता, लीद आणि मुतानं त्याचा चिखल झालेला. निघताना "चालस रे भो" म्हणणारा मीच.

तेव्हापासून पत्र्यावर आधी रबरी मॅट, वर दोन बोटं वाळू, आणि छातीसमोर गोणपाट गुंडाळलेला आडवा वासा. बाजूचा पिंजरा घोड्याच्या पाठीच्या वर गेलाच पाहिजे. दोर अशा गाठीनं बांधायचा की एका झटक्यात सुटेल. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांतही न घसरणारी जमीन, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागं दोन भक्कम आडवे वासे सांगितले आहेत. वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. धुळ्याच्या हायवेवर 35 नं चाललं की मागचे ट्रकवाले शिव्या घालतात. घालू द्या.

दोन घोडे असतील तर आधी टेप लावा. मोटार वाहन नियमांत एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा धरली आहे, म्हणजे साधारण 24 चौरस फूट. 9 बाय साडेपाच फुटांचा हौदा दोघांना जेमतेम पुरतो. 8 फुटी पुरत नाही. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा, विचारच सोडा, उंच जनावर त्यात उभं केलं की प्रत्येक वळणावर गाडी कलते.

आता ट्रेलर. त्याचा खरा फायदा दिखाव्याचा नाही, जमिनीचा आहे. हौदा कमरेएवढा उंच. शेतात बांधाला गाडी लावून घोडी चढवता येते, पण मंगल कार्यालयासमोर बांध कुठून आणणार? ट्रेलरची जमीन खाली असते, फाळका उतरवला की बिथरणारं जनावरही चालत आत जातं. शिवाय ट्रेलर सोडला की पिकअप शेतमालाला मोकळी. दर आठवड्याला दोन घोडे हलवणाऱ्याला तो परवडेल.

पण पिकअप तयार करणं म्हणजे बंपरला हुक वेल्ड करणं नव्हे. हुक चेसिसला बोल्टनं बसला पाहिजे, आणि त्याआधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता बघा. ती लिहिलेलीच नसेल तर विषय तिथंच संपवा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर टनाच्या आसपास भरतो, वर मारवाडी जोडीचे सात-आठशे किलो. म्हणजे पावणेदोन-दोन टन झाले. यातला दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यायला हवा. कमी आला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. जास्त आला की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. घोडं पोत्यासारखं गप्प उभं राहत नाही, पाय बदलतं, आणि तो झोका तुमच्या हातापर्यंत येतो.

पैसा आधी ब्रेकवर घाला. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर दोन टन तुमच्या पिकअपलाच अडवायचे आहेत. कन्नडच्या औट्रम घाटातून उतरताना हे चालणार नाही, तिथं खालच्या गिअरमध्येच उतरावं लागतं. हुकखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या, फुलीसारख्या, मागचे दिवे आणि इंडिकेटर ट्रेलरवरही, मागच्या टायरांत पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, तेही खर्चात धरा. पशुवैद्यकाचा दाखला मात्र दोन्हीकडं सारखाच लागतो.

एवढं वाचूनही ट्रेलरच घ्यायचा असेल, तर पहिल्या दिवशी घोडा भरू नका. घोड्यांच्या वजनाची वाळूची पोती भरा, मोकळ्या मैदानात रिव्हर्स घ्यायला शिका, मग लळिंगचा घाट उतरून या. खाली थांबून चाकाजवळ तळहात न्या, टेकवू नका. लांबूनच चटका जाणवला, तर ब्रेक तापलेत, त्या वर्षी घोडी हौद्यातूनच.