कुकरची शिट्टी आणि हेडसेटचा माइक: एक परीक्षण

हेडसेटच्या खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ असे छापलेले असेल, तर ते कोणाच्या कानांसाठी आहे हे दुकानदाराला आधी विचारावे. विमानातली घरघर किंवा शेजारच्या बांधकामाचा आवाज तुमच्या कानापर्यंत पोहोचू न देणारी सोय म्हणजे एएनसी. तिचा पलीकडच्या माणसाला काडीचाही उपयोग नसतो. तुमच्या घरातला गोंगाट पलीकडे जाऊ न देणे हे माइकचे काम आहे, आणि आपल्याकडे स्वस्त इअरबडच्या खोक्यांवर त्यालाच ‘ईएनसी’ म्हणतात. या दोन गोष्टींची गल्लत करून घेतलेले हेडफोन बैठकीत निरुपयोगी ठरलेले मी बरेच पाहिले आहेत.

हे परीक्षण माइकच्या सोयीचे आहे, आणि त्यातही तिच्या नव्या प्रकाराचे: भोवतालचा आवाज किती आहे याचा अंदाज स्वतः घेऊन त्याप्रमाणे गोंगाटाची छाटणी कमी-जास्त करणाऱ्या माइकचे. माझ्याकडचा हेडसेट कार्यालयीन वर्गातला, बिनतारी आणि तोंडापाशी येणारी बूम, म्हणजे माइकची दांडी, असलेला आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष या वर्गातल्या बहुतेक हेडसेटमध्ये थोड्याफार फरकाने आढळतात. पुण्यात रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरातून माझे ग्राहकांशी बोलण्याचे काम चालते. पलीकडे कसे ऐकू गेले हे मी सहकाऱ्यांना वेळोवेळी विचारले आणि बैठकींची रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून पडताळले.

अशा हेडसेटमध्ये एकाहून अधिक माइक असतात. ते एकमेकांपासून दोन सेंटिमीटरवर असतील, तर तोंडातून निघालेला आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे १७ हजाराव्या भागाइतका आधी पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून कोणता आवाज तोंडाच्या दिशेने आला आणि कोणता भलतीकडून, हे आतली चिप ठरवते. त्यानंतरचे काम हिशेबाचे असते. बोलणारा मध्येच थांबला की त्या क्षणी उरलेला आवाज हा गोंगाटच, असे धरून त्याचा नमुना घ्यायचा आणि पुढच्या बोलण्यातून तो वजा करायचा, ही पद्धत स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडली होती. आता तिच्या जोडीला शब्द आणि गोंगाट यांच्या असंख्य मिश्रणांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रारूपे, आली आहेत. माइक परिस्थितीशी जुळवून घेतो याचा अर्थ इतकाच, की शांत खोलीत ही छाटणी सैल राहते आणि गोंगाट वाढला की घट्ट होते.

एकसारख्या आवाजांच्या बाबतीत या माइकने मला खरोखर चकित केले. छताचा पंखा, वातानुकूलन यंत्र, खिडकीवरच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस, रस्त्यावरची अखंड गुरगुर, यांपैकी काहीही पलीकडे जात नाही. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून मी बोलत होतो, हे सहकाऱ्यांना सांगितल्यावरच कळले. मिक्सर सुरू झाला की पहिला क्षणभर घरघर जाते आणि मग ती विरते. कुकरच्या शिट्टीचे तसे नाही. ती अचानक येते आणि माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात वाजते, त्यामुळे तिची सुरुवात नेहमीच पलीकडे ऐकू जाते. पुढे माइक छाटणी घट्ट करतो खरा, पण शिट्टी थांबल्यावरही थोडा वेळ ती तशीच राहते आणि तेवढ्या वेळात माझा आवाज पातळ, डब्यातून आल्यासारखा होतो. हा फरक बोलणाऱ्याला जाणवत नाही, ऐकणाऱ्याला मात्र खटकतो.

गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हाचा निकाल मिश्र आहे. दूरवरून येणारा ढोलाचा खर्ज माइक सहज गिळतो. ताशाचा कडकडाट मात्र तुकड्यातुकड्यांनी निसटतो.

सगळ्यात कठीण परीक्षा माणसाच्या आवाजाची असते. माइकला माणसाचे बोलणे ओळखायला शिकवलेले आहे, त्यामुळे शेजारच्या खोलीत चालू असलेली मालिका किंवा जवळ बसून मोठ्याने फोनवर बोलणारा नातलग, यांना गोंगाट मानायचे कशाच्या आधारावर, हा त्याच्यापुढे पेचच असतो. दिशा आणि अंतर एवढेच निकष त्याच्या हाती उरतात. म्हणून बूम येथे उपयोगी पडते, आणि माझ्या मते जाहिरातीतल्या कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा जास्त उपयोगी पडते. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांच्यातले अंतर निम्मे झाले, की तोंडाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि दूरचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर बूम ठेवली, तर मालिकेतले संवाद जवळजवळ नाहीसे होतात; तीच बूम गालावर वर सरकवली, तर ते अगदी स्पष्ट ऐकू येतात. बूम नसलेल्या इअरबडमध्ये माइक कानापाशीच असतो, मग त्यात चार माइक असोत की सहा, ही उणीव हिशेबाने पूर्ण भरून निघत नाही.

मराठी बोलणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष तपासावी. ‘स’चा सुस्कारा, ‘फ’ आणि ‘ख’ यांच्यातला महाप्राण, ही सगळी हवेची सळसळ असते, आणि छाटणी घट्ट झालेल्या माइकला ती गोंगाटासारखीच भासते. माझ्या कामात रकमा सांगाव्या लागतात. मिक्सर चालू असताना ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गोंधळ झाल्याने मला रक्कम पुन्हा सांगावी लागली आहे. त्यात ब्लूटूथची जुनी पद्धत भर घालते. तिच्यात आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार घेतले जातात, त्यामुळे ४ हजार हर्ट्झच्या वरचे काहीच पलीकडे जात नाही, आणि ‘स’चा मोठा भाग नेमका त्याच्या वर असतो. १६ हजार नमुने घेणारी ‘वाइडबँड’ पद्धत हेडसेट आणि फोन या दोघांतही आहे ना, हे पाहूनच खरेदी करावी.

आणखी एक अडचण हेडसेटच्या बाहेरची आहे. झूम, टीम्स आणि गूगल मीट या सगळ्यांत आता गोंगाट कमी करण्याची स्वतःची सोय असते. हेडसेटने एकदा छाटलेला आवाज ती पुन्हा छाटते, आणि वाक्यांची शेवटची अक्षरे गळू लागतात. झूममध्ये ही पातळी मी सर्वांत कमी ठेवली आणि आवाजात लगेच भरीवपणा आला. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांनी तर हा हेडसेट घेऊच नये. तानपुरा हा एकसारखा वाजणारा आवाज असल्याने माइक त्याला पंख्याच्याच पंगतीला बसवतो आणि पुसून टाकतो. त्यांच्यासाठी साधा माइक आणि झूममधली संगीतकारांसाठीची ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय योग्य.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये नोंदवले होते. आपलाच आवाज कानात हलकासा ऐकवणारी ‘साइडटोन’ची सोय त्यावर उतारा आहे, या हेडसेटमध्ये ती आहे, पण मुळात बंद असते आणि ॲपमध्ये शोधून सुरू करावी लागते. बॅटरी, कानांवरच्या उशा, वजन याबाबत तक्रार नाही.

किंमत मात्र वायरच्या साध्या यूएसबी हेडसेटच्या कित्येक पट आहे. ज्यांचे काम दिवसभर बोलण्याचे आहे आणि ज्यांना घरात स्वतंत्र खोली नाही, त्यांनी ती द्यावी. आठवड्यातून एखाद-दोन बैठका असणाऱ्यांना चांगली बूम असलेला वायरचा हेडसेट आणि झूममधली फुकटची सोय पुरेशी आहे. घ्यायचाच असेल, तर दुकानात गाणी ऐकून पारख करू नये. हेडसेट फोनला जोडून रस्त्याच्या कडेला उभे राहावे, घरच्या कोणाला तरी फोन लावून दहा-बारा रकमा वाचून दाखवाव्यात आणि त्यांनी त्या कशा लिहून घेतल्या ते ताडून पाहावे.