जुना सीसीडी की नवा सीमॉस? तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्यांसाठी

तेजोमेघांसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दोन सेन्सरांची नावं हमखास निघतात. एक कोडॅकचा केएएफ-८३००, हा सीसीडी या जुन्या प्रकारचा, आता सेकंडहँडच मिळणारा. दुसरा सोनीचा आयएमएक्स५७१, हा सीमॉस या नव्या प्रकारचा. ‘सीसीडीची सर सीमॉसला नाही’ असं जुनेजाणते अजून सांगतात. एके काळी ते खरंही होतं.

प्रकाशाची वीज होते ती पायरी दोन्हींत एकच, कारण दोन्ही सिलिकॉनचेच. १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचा फोटॉन आत शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. फोटॉन लाल असो वा निळा, इलेक्ट्रॉन एकच. रंगाची ओळख तिथेच पुसली जाते, म्हणून तर फिल्टर लागतात.

फरक पडतो तो पुढे. केएएफ-८३०० मध्ये जमलेला विद्युतभार, स्लॅब भरताना घमेली जातात तसा, पिक्सेलकडून पिक्सेलकडे हातोहात सरकत कडेला येतो आणि एकाच ॲम्प्लिफायरवर मोजला जातो. (१९६९ साली बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी काढलेली ही युक्ती, २००९ चं नोबेल त्यासाठीच.) सीमॉसमध्ये भाराचं व्होल्टेज पिक्सेलमध्येच होतं आणि मोजणी हजारो स्तंभांत एकाच वेळी चालते. कुणालाच घाई नसते, त्यामुळे मोजणीतली चूक, म्हणजे रीड नॉइज, कमी राहते.

खिशाशी संबंध येतो तो इथे. केएएफ-८३०० चा रीड नॉइज साधारण ८ इलेक्ट्रॉन, आयएमएक्स५७१ चा योग्य गेनवर (सिग्नल वाढवण्याच्या सेटिंगवर) दीडच्या आसपास. ही चूक प्रत्येक फ्रेमला नव्याने लागते. एका तासाचा प्रकाश गोळा करायचा आहे असं धरा. सीसीडीवर दहा-दहा मिनिटांच्या ६ फ्रेम घेतल्या तर एकूण रीड नॉइज होतो ८ गुणिले ६ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास २०. सीमॉसवर एकेका मिनिटाच्या ६० फ्रेम घेऊनही तो १२ च्या आतच. सीसीडीवर मिनिटामिनिटाच्या घ्याल तर ६२! म्हणजे सीसीडीला दहा मिनिटं न चुकता ताऱ्यांमागे फिरणारा माउंट (दुर्बिणीचा फिरता आधार) हवा, गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं, चोख हवं. मधेच विमान गेलं तर दहा मिनिटं पाण्यात. साध्या माउंटवाल्याने सीमॉसच घ्यावा. मुंबई-पुण्याच्या उजळ आकाशाखाली हा फरक बराच बुजतो, कारण आकाशाचाच नॉइज त्याहून मोठा. पण शहरापासून दूर, वांगणीपलीकडे अंधारात नॅरोबँड फिल्टर (रंगाचा अरुंद पट्टाच आत सोडणारा) लावलात की तो ठळक दिसतो.

शिवाय आयएमएक्स५७१ मध्ये विजेच्या तारा सिलिकॉनच्या मागे असल्याने जास्त फोटॉन कामी येतात.

सीसीडीच्या बाजूने काय? यांत्रिक शटर असल्याने झाकण न लावता डार्क फ्रेम (प्रकाश आत न येऊ देता काढलेल्या फ्रेम) घेता येतात. शेजारशेजारच्या पिक्सेलांचा भार वाचनाआधीच एकत्र करता येतो, त्यामुळे लांब फोकल लेंथच्या (जास्त मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीला उपयोग. सीसीडी संपला असंही नाही: चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सीसीडींचाच आहे. पण सोनीने सीसीडीचं उत्पादन थांबवत असल्याचं २०१५ मध्येच सांगितलं. हौशी कॅमेऱ्यांना तो रस्ता बंदच होत गेला.

मोनो (कृष्णधवल) सीसीडी फिल्टर व्हीलसकट, म्हणजे फिल्टर बदलणाऱ्या चकतीसकट, खरंच स्वस्तात मिळत असेल, तरच विचार करा. तेव्हा विकणाऱ्याकडून सेन्सर उणे १५ अंशांवर थंड करून घेतलेली दहा मिनिटांची ताजी डार्क फ्रेम आणि एक फ्लॅट (एकसारख्या उजेडाची फ्रेम) मागा. फ्लॅटमध्ये धुरकट डाग दिसले तर आतली ओलावा शोषणारी गोळी संपली असण्याची शक्यता आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत सेन्सरवर हिम धरायला वेळ लागत नाही.