यहोवाच्या साक्षीदारांचा मोफत बायबल अभ्यासक्रम: ३९ आणि ५७ वा धडा आधी वाचा

नीटनेटके कपडे, मऊ आवाज, दारात दोघं उभे आणि "बायबल मोफत शिकवतो, पैसे लागत नाहीत" हे वाक्य. यहोवाच्या साक्षीदारांची ओळख बहुतेक घरांत एवढ्यावरच थांबते. ते नेमकं काय शिकवतात, कुठल्या क्रमाने शिकवतात आणि शेवटी काय मागतात, हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही. चर्चमध्ये "खोटी शिकवण" म्हणून विषय संपवतात, बाहेरच्यांना सगळे ख्रिस्ती सारखेच वाटतात. म्हणून इथे, नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांसाठी, त्यांच्या घरपोच अभ्यासक्रमाचं परीक्षण करतो आहोत, एखाद्या क्लासचं करावं तसंच.

सध्याचं पुस्तक २०२१ चं आहे. एकूण ६० धडे आणि चार भाग: १ ते १२, १३ ते ३३, ३४ ते ४७ आणि ४८ ते ६०. संस्थेच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला, किंवा दारात आलेल्याला होकार दिला, की शिकवणी ठरते. ती घरी होते किंवा व्हिडिओ कॉलवर. सुरुवातीला पहिल्या तीन धड्यांची छोटी पुस्तिका देतात. धड्याची पद्धत ठरलेली असते: परिच्छेद वाचायचा, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, बायबलमधलं वचन काढून बघायचं, मध्ये एक छोटा व्हिडिओ, मग "काही जण म्हणतात..." असा एक आक्षेप, शेवटी उजळणी आणि एक "ध्येय".

शिकवण्याची सामग्री म्हणून हे काम चोख आहे. छपाई सुबक, मराठी सोपी, आणि अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की तोरणमाळच्या घाटात रेंज गेली तरी चालतं. घरात फक्त अहिराणी किंवा मावची बोलणाऱ्या आजीला ही मराठी पुस्तकी वाटेल, पण तेवढं चालायचंच. पैशाचं म्हणाल तर दशमांश नाही, थाळी फिरत नाही, सभागृहात दानपेटी असते तेवढीच. पगारी पाळक नसतो. या बाबतीत आपल्याकडच्या कित्येक मंडळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

उणीव प्रश्नांत आहे. प्रत्येक प्रश्नाचं अपेक्षित उत्तर वरच्या परिच्छेदातच असतं. ते वाचून दाखवलं की "छान" म्हणतात आणि गाडी पुढे. "चर्च याचा अर्थ वेगळा लावतं, त्याचं काय?" असं विचारायला त्या चौकटीत जागाच नाही, ती तुम्हीच करून घ्यावी लागते. त्यासाठी बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र शेजारी उघडं ठेवा. साक्षीदारांचं स्वतःचं भाषांतर आहे, नवे जग भाषांतर. इंग्रजीत ते १९६१ साली पूर्ण झालं आणि भाषांतरकारांची नावं कधीच जाहीर झाली नाहीत. योहान १:१ आणि कलस्सैकरांस १:१६ ही दोन वचनं दोन्हीकडे ताडून बघा. कलस्सैकरांसमध्ये "सर्व काही त्याच्याद्वारे निर्माण झाले" याच्या जागी त्यांच्याकडे "इतर सर्व" येतं. "इतर" मूळ ग्रीकमध्ये नाही. तो शब्द घातला की येशू आपोआप निर्मात्याकडून निर्मितीच्या रांगेत येतो.

खरा फरक इथेच आहे आणि तो १५ व्या धड्यापासून जाणवतो. रोमन कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अलायन्स परंपरेच्या मिशनांतून उभ्या राहिलेल्या खान्देशातल्या जुन्या मंडळ्या, हल्लीच्या पेंटेकॉस्टल सभा: यांचं आपसात शंभर गोष्टींवर पटत नाही, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ३२५ साली निकियाच्या परिषदेत पुत्राचं देवत्व ठरलं आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याचं. साक्षीदार त्र्यैक्य मानत नाहीत. त्यांच्या मते येशू हा देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला पुत्र, स्वर्गातला प्रमुख देवदूत मीखाएल तोच, आणि पवित्र आत्मा म्हणजे देवाची कार्यकारी शक्ती. मीखाएलचा मुद्दा आपण विचारल्याशिवाय सहसा पुढे येत नाही. विचाराच. नरक नाही, आत्मा अमर नाही, स्वर्गात फक्त १,४४,००० जण आणि बाकी विश्वासू लोक नंदनवन झालेल्या पृथ्वीवर, हेही वेगळंच. प्रभुभोजन वर्षातून एकदा, यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला सूर्यास्तानंतर. भाकर आणि द्राक्षारस रांगेतून फिरतात, पण स्वतःला त्या १,४४,००० पैकी मानणारेच ते घेतात, म्हणून बहुतेक जण नुसते पुढे सरकवतात. चर्चमधून गेलेला माणूस हे बघून चक्रावतो.

३२ वा धडा कागद-पेन घेऊन करावा. येशू १९१४ पासून स्वर्गात राज्य करतो आहे, हे तिथे गणिताने सिद्ध केलेलं आहे. दानीएलच्या ४ थ्या अध्यायातले "सात काळ" म्हणजे ७ × ३६० = २,५२० दिवस. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं. यरुशलेमचा नाश इसवी सनपूर्व ६०७ मध्ये झाला असं मानून तिथून २,५२० वर्षं मोजायची. शून्य वर्ष नसल्यामुळे बेरीज नेमकी १९१४ वर येते. गणित बरोबर, घोडं अडतं ते पहिल्याच आकड्यावर. बाबेलच्या इष्टिकालेखांवरून इतिहासकार तो नाश ५८७ किंवा ५८६ चा धरतात. ५८७ घेतलं तर उत्तर १९३४ येतं, आणि १९३४ ला कुणीच काही मानत नाही. शिकवणाऱ्याला हे शांतपणे विचारावं. सोबत १९२५ आणि १९७५ बद्दलही विचारावं, कारण त्या सालांभोवतीही मोठ्या अपेक्षा उभ्या केल्या गेल्या आणि काही घडलं नाही.

चळवळीची मुळं अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. चार्ल्स टेझ रसेल यांनी १८७९ मध्ये मासिक सुरू केलं, त्याचीच मराठी आवृत्ती म्हणजे टेहळणी बुरूज. "यहोवाचे साक्षीदार" हे नाव १९३१ चं, रसेल यांच्यानंतरचे अध्यक्ष रदरफोर्ड यांच्या काळातलं. आज जगभर सुमारे ९० लाख सक्रिय सदस्य आहेत, आणि शिकवण ठरवतं ते न्यूयॉर्क राज्यातल्या वॉरविकचं नियमन मंडळ.

आता ३९ वा धडा. आमच्या मते नंदुरबार जिल्ह्यात याच्याइतका महत्त्वाचा धडा दुसरा नाही. प्रेषितांची कृत्ये १५:२९ मधलं "रक्तापासून दूर राहा" हे ते रक्त चढवण्यालाही लावतात. बाकीचं ख्रिस्ती जग ते खाण्याच्या नियमापुरतं घेतं, आणि चिंचपाड्यासारख्या मिशन रुग्णालयांची परंपरा त्याच जगातली. १९४५ पासून साक्षीदारांना पूर्ण रक्त, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वर्ज्य आहे. रक्तातून वेगळे काढलेले अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, रक्त गोठवणारे घटक हे ज्याच्या त्याच्या विवेकावर. म्हणजे आरएच निगेटिव्ह बाईला बाळंतपणात लागणारं अँटी-डी इंजेक्शन (तेही इम्युनोग्लोब्युलिनच) घेता येतं, पण प्रसूतीत रक्तस्राव झाला तर रक्ताची पिशवी नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. छातीचा तीव्र त्रास, मेंदूचा झटका किंवा एकदम खाली गेलेलं हिमोग्लोबिन, अशा वेळी रक्तच लागतं आणि पर्याय थोडे असतात. घरात कुणाचं सिकलसेल कार्ड असेल तर अभ्यास सुरू करण्याआधीच हा धडा वाचा आणि डॉक्टरांशी बोला. नियम बदलतही आले आहेत: लसीकरणावरचा विरोध १९५२ मध्ये संपला, आणि अवयव रोपण १९६७ मध्ये निषिद्ध ठरलेलं १९८० मध्ये मोकळं झालं. आज "देवाचा नियम" म्हणून जे ऐकता, त्याच्या मागेही एक तारीख असते.

४४ वा धडा सणांचा. नाताळ नाही, ईस्टर नाही, वाढदिवसही नाही. खान्देशात कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या प्रसादासाठी अख्खी भाऊबंदकी एका पंगतीला बसते, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. चर्चला जाणारा माणूस पूजेपासून लांब राहिला तरी नाताळच्या फराळाचं ताट शेजारी पाठवतोच. इथे तेवढाही धागा उरत नाही. ४५ व्या धड्यात तटस्थता येते: मतदान नाही, राष्ट्रगीत गायचं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकेका मतासाठी उंबरे झिजवणाऱ्या गावात याची किंमत मोजावी लागते. मुलांच्या शाळेपुरता कायदा मात्र त्यांच्या बाजूने आहे. बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निकाल दिला की आदराने उभं राहणाऱ्या, पण न गाणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेतून काढता येणार नाही. हा निकाल मुख्याध्यापकांनीही वाचावा.

क्रमाची गोम इथे आहे. बाप्तिस्म्याचे धडे ४६ आणि ४७. गंभीर पाप केलं तर मंडळी काय करते, हे ५७ व्या धड्यात. बाप्तिस्मा घेऊनही पुस्तक पूर्ण करायचं असतं, म्हणजे ५७ पर्यंत पोचेपर्यंत माणूस पाण्यात उतरूनही झालेला असू शकतो. मंडळीतून काढलेल्याशी बाकीचे सदस्य उठबस ठेवत नाहीत, अगदी वेगळ्या घरात राहणारे सख्खे नातलगही. २०२४ मध्ये थोडी ढील दिली: सभेला बोलावता येतं, तिथे आल्यावर थोडक्यात नमस्कार करता येतो. पण शिकवणीविरुद्ध उघड बोलणाऱ्याला ही सवलत नाही. वाळीत टाकणं आपल्याला जातपंचायतींमुळे चांगलं माहीत आहे आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा कायदाही आहे. तरी धार्मिक शिस्त म्हणून काढण्याला हात घालणं सोपं नाही. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला होता.

आणखी एक. पापाचा आरोप कबूल केला नाही तर तो सिद्ध व्हायला दोन प्रत्यक्षदर्शी लागतात, हा त्यांचा नियम. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१५ मध्ये तपासलं तेव्हा १९५० पासून १,००६ जणांवर बाललैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या नोंदी संस्थेकडे निघाल्या, आणि संस्थेने स्वतःहून एकही पोलिसांकडे नेलेली नव्हती. आपल्याकडे पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे. असा प्रकार कानावर आला तर मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे एल्डर्सच्या, निर्णयाची वाट न बघता थेट पोलीस ठाणं गाठा. हे कुठल्याही चर्चला आणि आश्रमालाही तितकंच लागू.

म्हणून कुणी दारात आलं तर हाकलू नका, दमदाटी तर नकोच. केरळात कळमश्शेरीला २९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या अधिवेशनात बॉम्बस्फोट झाला, त्या टोकाला जाणारा रस्ता अशाच छोट्या द्वेषातून निघतो. अभ्यास करायचा असेल तर १५, ३२, ३९ आणि ५७ हे धडे आधी मागून घ्या, पुस्तक संकेतस्थळावर उघडंच आहे. बाप्तिस्म्याआधी केव्हाही थांबता येतं, कसलीही कारवाई होत नाही. बाप्तिस्मा घेताना दोन प्रश्न विचारतात. दुसऱ्या प्रश्नात बाप्तिस्म्याने तुम्ही यहोवाच्या संघटनेसोबतचा साक्षीदार ठरता, हे तुम्हाला कळलंय का, असं असतं. त्यावर मोठ्याने "हो" म्हटल्यानंतर सोडून जायचं पत्र दिलं, तर वागणूक काढून टाकलेल्यासारखीच मिळते. आणि भेटीच नको असतील तर "पुन्हा येऊ नका" एवढं स्पष्ट सांगा. ते घराची नोंद करून ठेवतात आणि सहसा पाळतात.